‘तेच औषध, फक्त थेंबांत’ : त्या ‘फक्त’मध्ये काय दडलंय?

परवा मावसबहिणीने मला एक जाहिरात पाठवली. वजन उतरवण्यासाठी सध्या गाजत असलेलं सेमाग्लुटाइड. एरवी ते कातडीखाली टोचून घेतात, पण जाहिरातीत सुई कुठेच नव्हती. तपकिरी काचेची चिमुकली बाटली, वर ड्रॉपर आणि शेजारी मजकूर : तेच औषध, फक्त थेंबांत, जिभेखाली ठेवा, खास तुमच्यासाठी बनवलेलं. खाली बहिणीचा प्रश्न, "घेऊ का गं?"

मी "नको" लिहून मोकळी झाले. तिचं समाधान झालं नाही. "इंजेक्शन मिळतं, गोळीही मिळते, मग थेंबांनीच काय घोडं मारलंय?"

प्रश्न रास्त होता आणि एका ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता. कारण त्या जाहिरातीत दोन वेगळे विषय एकमेकांत मिसळलेत. एक, औषध एखाद्यासाठी मुद्दाम बनवून देणं. दुसरा, औषध शरीरात कोणत्या वाटेने शिरतं ते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, उपयोगाच्या आहेत, आणि कित्येक रुग्णांचं त्यांच्यावाचून पानही हलत नाही. गोंधळ होतो तो ‘तेच औषध’ या दोन शब्दांमुळे.

कंपाउंडिंग म्हणजे काय?

औषधांचे कारखाने एका ताकदीच्या लाखो गोळ्या एका दमात काढतात. १० मिलिग्रॅम, २० मिलिग्रॅम, ४० मिलिग्रॅम अशी मापं ठरलेली. बहुतेकांचं त्यात भागतं. ज्याचं भागत नाही त्याच्यासाठी डॉक्टर चिठ्ठी लिहितात आणि फार्मासिस्ट त्या एका रुग्णापुरतं औषध तयार करतो. ताकद कमी करतो, गोळीचं पातळ औषध करतो, न सोसणारा एखादा घटक वगळतो. याला कंपाउंडिंग म्हणतात. गंमत अशी की ‘कंपाउंडर’ हा शब्द मराठीत सगळ्यांच्या ओळखीचा, पण तो ‘कंपाउंड’ म्हणजे नेमकं काय करायचा हे आपण विसरून गेलोय. कारखान्यातल्या गोळ्या येण्याआधी बहुतेक औषधं अशीच चिठ्ठी बघून, खलात घोटून बनत.

चष्म्याचं उदाहरण घ्या. वाचण्यासाठीचे तयार चष्मे ठरावीक नंबरांत मिळतात आणि पुष्कळांना चालतात. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असले तर मात्र काच घासून घ्यावी लागते. घासून घेतलेली काच तयार काचेहून वरच्या दर्जाची असते असं नाही. ती तुमच्या डोळ्याला बसते, इतकंच. एक फरक मात्र लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे. चष्म्याचा नंबर चुकला तर डोळ्यांवर चढवताच कळतं. औषधाचा चुकला तर बाटलीकडे बघून कुणालाच कळत नाही, बनवणाऱ्यालासुद्धा.

कुणाला लागतं असं औषध?

सगळ्यात आधी तान्ही बाळं. हृदयाची, रक्तदाबाची, फिट्सची बरीच औषधं मोठ्यांसाठी बनलेली असतात आणि तीन किलोच्या जिवाला त्याच गोळीचा एक कण पुरतो. मग ज्यांना गिळता येत नाही ते : पक्षाघात झालेले, नाकातून नळी घातलेले. मग ॲलर्जीवाले. गोळीत औषधाखेरीज रंग, लॅक्टोज, तेल असं बरंच काही असतं. प्रोजेस्टेरॉनची एक प्रचलित कॅप्सूल शेंगदाण्याच्या तेलात असते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बाईला ती चालणार नाही, तिच्यासाठी दुसऱ्या तेलात बनवावी लागते.

प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे औषध नासू नये म्हणून घातलेला पदार्थ, हेही एक कारण. बेंझिल अल्कोहोल मोठ्यांना सहसा काही करत नाही. पण शिरेत घातलेल्या नळ्या धुवायच्या द्रावणातून ते अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अंगात गेलं आणि बाळं दगावली, हे अमेरिकेत १९८२ साली उघडकीला आलं. त्या इवल्याशा यकृताला ते निपटता येत नव्हतं.

आणि प्राणी. यांचा विचार कुणी करत नाही, पण कंपाउंडिंगचा मोठा भाग प्राण्यांसाठी चालतो. थायरॉइड वाढलेल्या मांजरीला रोज गोळी भरवून दाखवा! म्हणून मेथिमाझोल हे औषध जेलमध्ये घालून मांजरीच्या कानाच्या आतल्या उघड्या कातडीवर चोळतात. चोळताना मालकाने हातमोजे घालायचे, नाहीतर मांजरीबरोबर त्याच्याही अंगात औषध जायचं. कुत्र्यांची वेगळीच तऱ्हा. माणसांच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल असतं. आपल्याला ते निरुपद्रवी, पण कुत्र्याची रक्तशर्करा त्याने धाडकन खाली येते. म्हणजे औषध तेच, रोग तोच, आणि जीव जातो तो गोडीमुळे.

एक बाटली बनताना

एका रुग्णालयातल्या कंपाउंडिंगच्या खोलीत मी एकदा दुपारभर उभी होते. एका बाळासाठी दर वेळी २ मिलिग्रॅमचा डोस हवा होता आणि हाताशी २५ मिलिग्रॅमच्या गोळ्या. एका गोळीचे साडेबारा तुकडे कोण करणार? शिवाय सुरीने तोडलेले दोन अर्धेही कधी सारखे निघत नाहीत.

फार्मासिस्टबाईंनी दहा गोळ्या मोजून खलात टाकल्या, म्हणजे २५० मिलिग्रॅम औषध. आधी कोरडंच घोटलं, बोटांना कण लागणार नाही इतकं बारीक. मग थोडं पातळ माध्यम घालून लापशीसारखं केलं. ही पायरी घाईने उरकली तर गुठळ्या होतात आणि गुठळीत अडकलेलं औषध बाळाच्या एकाच डोसात जाऊ शकतं. मग हळूहळू आणखी माध्यम. सगळं मापाच्या उभ्या नळीत ओतल्यावर खल रिकामा दिसत होता, तरी त्यांनी तो दोनदा माध्यमाने विसळून विसळण नळीत घेतलं. भिंतीला चिकटलेलं औषधही हिशोबातलंच. शेवटी नळी १२५ मिलिलिटरच्या रेघेपर्यंत भरली.

"इथेच नवीन मुलं चुकतात," त्या म्हणाल्या. "१२५ मिलि घालायचं नसतं, १२५ मिलिपर्यंत भरायचं असतं." भुकटीलाही जागा लागते. वर १२५ मिलि ओतलं तर एकूण जास्त भरेल आणि औषध फिकं होईल. बरोबर भरलं की २५० भागिले १२५, म्हणजे दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. आईने पिचकारीत १ मिलि घ्यायचं, बस्स.

बाटलीवर दोन चिठ्ठ्या लागल्या. एक, ‘घेण्यापूर्वी चांगले हलवा’. असं पातळ औषध बहुधा पाण्यात विरघळलेलं नसतं, कण नुसते तरंगत असतात. याला सस्पेन्शन म्हणतात. बाटली न हलवता वरचं वरचं दिलं तर पहिले काही दिवस बाळाला फिकं पाणी मिळतं आणि शेवटी तळाचा साका, दुपटी-तिपटीने दाट. दुसरी चिठ्ठी मुदतीची. कारखान्यातली गोळी दोन-तीन वर्षं टिकते कारण ते कुणीतरी ठेवून, तपासून पाहिलेलं असतं. या बाटलीचं तसं कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून वेगळी चाचणी झालेली नसेल तर अमेरिकेच्या औषधसंहितेने मुदती बांधून दिल्यात : प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं पाण्यातलं औषध फ्रिजमध्ये १४ दिवस, प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं ३५ दिवस, कोरड्या कॅप्सूल १८० दिवस. पाणी आलं की जंतू आणि विघटन दोन्ही आलंच.

आता वाटांविषयी : यकृताचा जकात नाका

तोंडाने घेतलेली गोळी जठरात विरघळते, आतड्यातून रक्तात शोषली जाते. पण आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी यकृतात जातं, आणि यकृत येणाऱ्या प्रत्येक परक्या रसायनाची झडती घेतं. काही औषधं बिनबोभाट पुढे सुटतात, काहींचा बराचसा माल तिथेच जप्त होतो. कंपन्या गोळीची ताकद ठरवताना ही जकात धरूनच ठरवतात.

नायट्रोग्लिसरीन हे सरळ उदाहरण. छातीत कळ येणाऱ्या रुग्णांवर त्याचा उपयोग होतो हे विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टरने १८७९ साली मांडलं. डायनामाइटचा जनक आल्फ्रेड नोबेल यालाही उतारवयात हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी हेच सुचवलं होतं. ही गोळी गिळली तर यकृत तिचा जवळजवळ फडशा पाडतं. जिभेखाली ठेवली तर तिथल्या पातळ त्वचेतून ती थेट अशा शिरांत जाते ज्या यकृताला वळसा घालून हृदयाकडे येतात, आणि एक ते तीन मिनिटांत आराम पडतो. रेणू तोच, वाट बदलली, आणि निरुपयोगी गोष्ट जीव वाचवणारी झाली.

दुसऱ्या काही वाटा नाका चुकवण्यापेक्षा मुक्कामी थेट पोचण्यासाठी असतात. दम्यासाठी सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते आणि इनहेलरचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. एका गोळीत चाळीस फवारे! गोळी सगळ्या अंगभर फिरून फुप्फुसात पोचते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा तिथेच मारतो जिथे काम आहे. ठरावीक माप सोडणारा असा पहिला इनहेलर १९५६ साली बाजारात आला आणि दमेकऱ्यांचं आयुष्य बदललं. ‘इनहेलर जोरदार औषध, गोळी सौम्य’ हा समज मला अजून भेटतो. माप बघितलं तर गोष्ट नेमकी उलटी आहे.

फिट आलेल्या मुलाच्या तोंडात गोळी घालता येत नाही, म्हणून मिडाझोलाम गालाच्या आत किंवा नाकात सोडतात, डायझेपाम गुदद्वारातून देतात. गुदद्वाराच्या खालच्या भागातलं रक्तही यकृत टाळून जातं, वरच्या भागातलं मात्र यकृतातच जातं. त्यामुळे सपोझिटरी, म्हणजे तिथे सरकवायची विरघळणारी गोळी, किती आत गेली यावर शोषण बदलतं. वाट उपयोगी आहे, पण बेभरवशाची.

मग कातडीतून सगळंच का देत नाहीत?

कातडीचं कामच आत काही येऊ न देणं हे आहे. तिचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा, मध्ये मेदाचा गिलावा, विटांच्या भिंतीसारखा. त्यातून रेणू जायचा तर तो लहान हवा, मेदात मिसळणारा हवा, आणि अगदी थोड्या मात्रेत काम करणारा हवा. ढोबळ नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू शाबूत कातडीतून सहसा जात नाही. (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक.) निकोटिन १६२, प्रवासातली मळमळ थांबवणारं स्कोपोलामिन ३०३, तीव्र वेदनेवरचं फेंटानिल ३३६. या सगळ्यांचे पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायच्या औषधी पट्ट्या, निघाले. अमेरिकेत मान्यता मिळालेला असा पहिला पॅच स्कोपोलामिनचा, १९७९ सालचा, कानामागे लावायचा. इन्शुलिन पाच हजार आठशेच्या घरात, म्हणून त्याचा साधा पॅच नाही. सेमाग्लुटाइड चार हजारांच्या वर.

थेंबांनी काय घोडं मारलंय, त्याचं उत्तर

जिभेखालची त्वचा कातडीइतकी कडक नसते, पण तीही एवढ्या मोठ्या रेणूला सहजासहजी आत घेत नाही. घेतला नाही की थेंब गिळला जातो, जठरात जातो, आणि प्रथिनासारखा असल्यामुळे तिथे पचतो.

"पण गोळी चालतेच ना?" चालते, आणि ती कशी चालते तेच बघण्यासारखं आहे. २०१९ साली सेमाग्लुटाइडची गोळी आली तेव्हा तिच्यात औषधाबरोबर एक खास मदतनीस रसायन घातलं होतं. ते जठराच्या भिंतीपाशी आम्लापासून औषधाचा बचाव करतं आणि त्याला आत सरकवतं. गोळी उपाशीपोटी, १२० मिलिपेक्षा जास्त पाणी न पिता घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. एवढे सोपस्कार करूनही सुमारे एक टक्का औषध रक्तात पोचतं, कधी तेवढंही नाही. म्हणून मधुमेहासाठी इंजेक्शन आठवड्याला १ मिलिग्रॅम आणि ती गोळी रोज १४ मिलिग्रॅमपर्यंत. आठवड्याचे ९८ मिलिग्रॅम!

या एका टक्क्यासाठी कंपनीला वर्षानुवर्षं माणसांवर चाचण्या कराव्या लागल्या. थेंबांच्या बाटलीत ते मदतनीस रसायन आहे का, जिभेखालून किती टक्के जातं, कुणाच्या रक्तात मोजून पाहिलं, याविषयी जाहिरातीत अवाक्षर नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेली सेमाग्लुटाइडची रूपं दोनच आहेत, इंजेक्शन आणि गोळी. थेंबांत औषध असेलही. ते अंगात जातं का, हा प्रश्न आहे.

मग बनवून दिलेल्या सेमाग्लुटाइडची एवढी चर्चा का?

२०२२ पासून अमेरिकेत मूळ इंजेक्शनाचा तुटवडा होता. तिथल्या कायद्यानुसार औषध तुटवड्याच्या यादीत असलं की कंपाउंडिंग करणाऱ्यांना त्याची जवळपास तशीच आवृत्ती बनवता येते. लोकांची गरज भागली हे खरं. तुटवडा संपल्याचं २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं आणि ही सवलत गुंडाळली गेली. मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट समोर आली, ती मला फार बोलकी वाटते.

कंपनीचं इंजेक्शन पेनमध्ये येतं, डोस चकती फिरवून घ्यायचा. बनवून दिलेलं औषध कुपीत यायचं, सोबत इन्शुलिनची पिचकारी. आता समजा कुपीत दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध आहे आणि डॉक्टरांनी ०.२५ मिलिग्रॅम सांगितलंय. म्हणजे ०.०५ मिलि. पण पिचकारीवर मिलिलिटर नसतात, युनिट असतात. १०० युनिट म्हणजे १ मिलि. तेव्हा घ्यायचे फक्त ५ युनिट. रुग्णाच्या डोक्यात ‘पंचवीस’ हा आकडा बसलेला, त्याने २५ युनिटपर्यंत ओढलं. झाले पाचपट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या जुलैमध्ये इशारा दिला त्यात पाचपट ते वीसपट डोस घेतल्याच्या घटना होत्या. उलट्या थांबेनात म्हणून काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. काही ठिकाणी हिशोबात चूक डॉक्टरांकडूनच झाली होती.

इथे औषध खराब नव्हतं, भेसळ नव्हती. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट या तीन भाषांमध्ये दुभाषाच नव्हता. पेनची चकती तो दुभाषा असते.

‘नुसतं मलम तर आहे, त्याने काय होतंय!’

कातडीची भिंत भक्कम असते ती शाबूत असेपर्यंत. लेझरने केस काढण्याआधी पायांना बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळल्यामुळे २२ आणि २५ वर्षांच्या दोन तरुणी दगावल्या, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली लोकांना कळवलं. बधिर करणाऱ्या औषधांची जास्त ताकद, मोठा पृष्ठभाग आणि वर प्लास्टिक. झाकलं की कातडी घामेजते, सैलावते आणि औषध आत झिरपतं. हृदयाचे ठोके बिघडवण्याइतकं.

दुसरं टोक असं की मलम काहीच करत नाही. दुखऱ्या सांध्यांसाठी चार-चार, पाच-पाच औषधं एकत्र घोटून बनवलेल्या मलमांचा अमेरिकेत मोठा बोलबाला होता, बिलंही तशीच तगडी. २०१९ साली लष्करी रुग्णालयातल्या ३९९ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. अर्ध्यांना खरं मलम, अर्ध्यांना नुसता लेप, कुणाला काय ते कुणालाच माहीत नाही. महिन्याभराने दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणावा असा फरक नव्हता. दोन्ही गटांना थोडं बरं वाटलं होतं, हे मात्र खरं. चोळण्याचा स्वतःचाच एक गुण असतो.

‘खास माझ्यासाठी’ म्हणजे जास्त चांगलं ना?

हा समज खोडणं सगळ्यात अवघड, कारण तो ऐकायला फार गोड आहे. पण कारखान्यातल्या औषधामागे हजारो माणसांवरच्या चाचण्या असतात आणि प्रत्येक घाण्यातले नमुने तपासलेले असतात. तुमच्यासाठी बनवलेली बाटली जगात एकच. ती तपासायची तर संपवावी लागेल. म्हणून कंपाउंडिंगची सगळी भिस्त बनवणाऱ्याच्या हातावर आणि शिस्तीवर. औषध प्रशासन ते विक्रीपूर्वी मंजूर करत नाही.

रूप बदलणं वरवरचं वाटतं, पण तिथेच घात झाल्याचा इतिहास आहे. सल्फानिलामाइड हे जंतूविरोधी औषध १९३७ साली गोळी आणि पूड म्हणून नीट चाललेलं होतं. पातळ औषधाची मागणी आली. एका अमेरिकन कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारी आहे का ते पाहिलं नाही. शंभराहून जास्त माणसं मेली, त्यात बरीच मुलं. ‘तेच औषध, फक्त पातळ.’ त्यानंतर १९३८ साली अमेरिकेत, औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचं दाखवा, असा कायदा आला.

त्या कंपनीचं औषध कारखान्यातलं होतं. २०१२ ची घटना थेट कंपाउंडिंगची. पाठीच्या मणक्यात टोचायचं एक स्टिरॉइड, मुद्दाम प्रिझर्व्हेटिव्ह न घालता बनवलेलं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरने ते हजारोंनी बनवून अनेक राज्यांत पाठवलं आणि त्यात बुरशी निघाली. प्रिझर्व्हेटिव्ह नसलं की जंतुविरहित खोली हाच एकमेव पहारेकरी, आणि तो झोपलेला होता. ७५३ जणांना संसर्ग झाला आणि ६४ जण दगावले, अशी नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे आहे. नाव कंपाउंडिंगचं आणि काम कारखान्याचं, असा तो प्रकार होता.

मग बंदच का करून टाकत नाहीत?

बंद केलं तर ते तीन किलोचं बाळ कुठे जाईल? त्याच्या मापाची गोळी कुठलाच कारखाना काढत नाही. २०१३ साली अमेरिकेने केलेल्या कायद्यात याचाच तोल साधायचा प्रयत्न दिसतो. एका रुग्णाच्या चिठ्ठीवर बनवणारे एका खणात, रुग्णालयांना घाऊक पुरवणारे दुसऱ्या खणात, आणि दुसऱ्यांना कारखान्यासारखे नियम व तपासण्या. आणि बाजारात जे तयार मिळतं त्याची नक्कल एरवी करायची नाही.

मला ती शेवटची अटच सगळ्यात कामाची वाटते, कारण ती एका प्रश्नावर येते : तयार औषध का चालत नाही? बाळाच्या आईकडे याला उत्तर आहे. शेंगदाण्याच्या ॲलर्जीवालीकडे आहे, मांजरीच्या मालकाकडे तर ओरबाडलेल्या हातांचा पुरावाच आहे. ‘सुई आवडत नाही’ हेही मी कमी लेखणार नाही, काहींची भीती खरोखर जबर असते. पण मग सुईऐवजी जी वाट निवडली ती त्या औषधाला पेलते का, हे कुणीतरी मोजलेलं हवं.

गोळी घरीच कुटून दिली तर?

हे बहुतेक घरांत होतं आणि कधी कधी चालूनही जातं. पण चोवीस तास हळूहळू सुटणारी गोळी कुटली की दिवसभराचा माल एकदम अंगात जातो. ओमेप्राझोलसारखी औषधं जठरातल्या आम्लात नासतात, म्हणून त्यांच्या दाण्यांवर लेप असतो. कुटला की लेप गेला आणि औषधही. कर्करोगावरच्या काही गोळ्यांची पूड कुटणाऱ्याच्या श्वासात जाणं धोक्याचं. फार्मासिस्टला एक फोन केला तर तो बहुधा दोन मिनिटांत सांगतो, आणि पुष्कळदा त्याच औषधाचं तयार पातळ रूप असल्याचंही कळतं.

बहिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, एवढ्या आकड्यांशिवाय. ती म्हणाली, "पण असं काही विचारलं तर त्यांना राग नाही का येणार?" मला त्या दुपारच्या फार्मासिस्टबाई आठवल्या. बाटली बंद केल्यावर त्यांनी एक कागद पुढे ओढला. गोळ्यांचा बॅच नंबर, किती गोळ्या, किती माध्यम, मुदत, कुणी मोजलं, सगळं लिहिलेलं. खाली दोन सह्यांच्या जागा. एक त्यांची. दुसरीसाठी त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली. तिने आपलं काम थांबवलं, बाटली उचलून रेघ डोळ्यांसमोर धरली, गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या दहा खाचा एकेक करून मोजल्या, कॅल्क्युलेटरवर २५० भागिले १२५ पुन्हा केलं, आणि मगच सही केली.

"त्या जाहिरातवाल्यांकडून हा कागद मागव," मी बहिणीला म्हटलं. आठ दिवस झाले. ती रोज विचारते आहे, आणि तिकडून रोज सवलतीचा नवा कूपन येतो आहे.